‘साखरेने दात किडतात’ या वाक्यातला ‘ने’

मागच्या खेपेला ह्यूमवर बोललो, त्यानंतर बऱ्याच जणांची तक्रार आली की सर, ते बिलियर्डचे चेंडू पुरे झाले, घरातले एखादे उदाहरण घ्या. तक्रार रास्त आहे. आपल्यापैकी किती जणांनी बिलियर्डचे टेबल जवळून पाहिले असेल? तेव्हा आज दात घेतो. दात सगळ्यांना असतात, निदान कधीतरी होते.

‘साखरेने दात किडतात.’ हे वाक्य आपण लहानपणी ऐकले, पुढे मुलांना ऐकवले, आता नातवंडांना ऐकवतो. त्यातल्या ‘ने’ या प्रत्ययाचा अर्थ काय, एवढाच आजचा विषय आहे. ‘सुरीने भाजी चिरली’ यातही ‘ने’ आहे. ‘तापाने माणूस खंगला’ यातही आहे. पण सुरी हे साधन, चिरणारा हात वेगळाच. ताप हे कारण, तिथे हात कुणाचाच नाही. मग साखरेचा ‘ने’ यातला कुठला? मी दंतवैद्य नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे. पण या एका प्रश्नाचे उत्तर शोधताना विज्ञानाला काय काय करावे लागले, आणि त्यातले काय करायला नको होते, हे तत्त्वज्ञानाच्या विद्यार्थ्याला सांगता येण्यासारखे आहे.

आधी दुसरा शब्द पाहू, ‘किडणे’. आपली भाषाच इथे एक सिद्धान्त मांडून बसली आहे: दातात कीड शिरते आणि दात पोखरते, जशी वांग्याला लागते तशी. ही समजूत आपल्याकडचीच नव्हे. प्राचीन मेसोपोटेमियापासून युरोपपर्यंत दातातला किडा सगळीकडे सापडतो. आपल्याकडे खेड्यापाड्यात भुईरिंगणीचे बी निखाऱ्यावर टाकून त्याची धुरी दाढेला देत. धुरी झाली की खाली बारीक पांढरे ‘किडे’ पडलेले दाखवत असत. रोग्याला पटायचे, कारण डोळ्यांनी पाहिले ना! युरोपातही अशीच धुरी होती, फक्त बी दुसऱ्या वनस्पतीचे. तिथे मागाहून लोकांनी नीट पाहिले तेव्हा लक्षात आले की ते किडे म्हणजे उष्णतेने फुटलेल्या बियांमधले अंकुर आहेत. दात नसला तरी ते पडतात. म्हणजे प्रत्यक्ष प्रमाण होते, पण व्यतिरेक कुणी तपासला नव्हता. धुरी द्या, दाढ मात्र नको, मग किडे पडतात का बघा. एवढे केले असते तरी प्रश्न मिटला असता.

अन्वय आणि व्यतिरेक हे आपल्या न्यायशास्त्रातले शब्द पुन्हा एकदा सांगतो. हे असताना ते असते, हा अन्वय. हे नसताना ते नसते, हा व्यतिरेक. दोन्ही जुळले तर कारणाच्या जवळ आलो. जॉन स्टुअर्ट मिलने एकोणिसाव्या शतकात जवळपास हेच पद्धतशीर मांडले.

आता दाताच्या बाबतीत हे पहिल्यांदा नेटकेपणाने कुणी केले? डब्ल्यू. डी. मिलर नावाच्या अमेरिकन दंतवैद्याने, बर्लिनमध्ये. रॉबर्ट कॉखच्या जंतुशास्त्राचा तो काळ. 1890 साली मिलरचे तोंडातल्या सूक्ष्मजीवांवरचे पुस्तक आले. त्याने काढलेले दात घेतले, लाळ घेतली आणि त्यात पाव घातला. काही काळाने दात मऊ पडले. पावाऐवजी मांस घातले, तर दात शाबूत. पाव आणि लाळ, पण लाळ आधी तापवून त्यातले जंतू मारलेले, तरीही दात शाबूत. बघा किती सुंदर आहे हे! एकट्या पावाने होत नाही, एकट्या लाळेने होत नाही. लाळेतले जिवंत जंतू पिष्टमय किंवा गोड पदार्थ खातात, आम्ल सोडतात, आणि ते आम्ल दात विरघळवते. पोखरणारा किडा नाहीच. जंतूंच्या पचनाचा उरलेला आंबट भाग आहे तो.

यातले रसायन थोडक्यात सांगतो, कारण पुढचे सगळे त्यावर उभे आहे. दाताचे बाहेरचे कवच, ज्याला एनॅमल म्हणतात, ते मुख्यतः कॅल्शियम आणि फॉस्फेटचे बनलेले आहे. शरीरातला सर्वांत कठीण पदार्थ. पण कठीण म्हणजे न विरघळणारा नव्हे. शहाबादी फरशी किती टणक असते, तिच्यावर लिंबू पिळून ठेवा म्हणजे कळेल. आम्लता पीएच या मापात मोजतात. 7 म्हणजे मध्यम, आकडा खाली गेला की आम्लता वाढली, आणि प्रत्येक घराला ती दहापट वाढते. साधारण 5.5च्या खाली पीएच गेला की एनॅमलमधले क्षार सुटून बाहेर यायला लागतात. पीएच पुन्हा वर आला की लाळेतले कॅल्शियम आणि फॉस्फेट परत दातात जाऊन बसतात. म्हणजे दात ही एकदा बांधून झालेली भिंत नाही. तिथे सतत देवाणघेवाण चालू आहे, बँकेच्या खात्यासारखी. काढणे भरण्यापेक्षा जास्त होत राहिले की एके दिवशी खाते रिकामे होते आणि आपण म्हणतो, ‘काल अचानक दाढेला भोक पडले.’ काल काहीच झालेले नसते. अनेक महिने, कधी कधी वर्षे, ते चाललेले असते.

1940च्या दशकात रॉबर्ट स्टेफन या अमेरिकन संशोधकाने ही देवाणघेवाण प्रत्यक्ष मोजली. दातावर जो चिकट थर बसतो, प्लाक म्हणतात त्याला, त्यात बारीक इलेक्ट्रोड लावून त्याने पीएच पाहिला आणि मग माणसाला साखरेच्या पाण्याने चूळ भरायला लावली. काही मिनिटांतच पीएच झपकन खाली आला. आणि मग अर्धा तास ते तासभर हळूहळू वर चढत पूर्ववत झाला. वर चढवण्याचे काम मुख्यतः लाळेचे. या आलेखाला आजही स्टेफनचा आलेख म्हणतात. दंतवैद्यकाच्या विद्यार्थ्यांना तो काढून दाखवावा लागतो, आपल्याला मनात काढला तरी पुरे: एक घळ, एक लांब चढ.

आता या आलेखावरून एक साधा हिशेब करू. समजा मी जेवणाबरोबर चार जिलब्या खाल्ल्या. एक घळ. अर्धा-पाऊण तास दात आम्लात, मग सुटका. आणि समजा तेवढ्याच साखरेच्या लिमलेटच्या गोळ्या घेतल्या आणि दर तासाला एक अशा दिवसभर आठ चघळल्या. आठ घळी. प्रत्येकी अर्धा तास धरला तरी चार तास. साखर तेवढीच, पण दाताला भोगावे लागले ते कितीतरी जास्त. आपल्याकडे गोळ्यांपेक्षा चहाचा विचार करा. सकाळी उठल्यावर एक, नाश्त्याबरोबर एक, अकरा वाजता कुणीतरी आले म्हणून अर्धा कप, दुपारी झोपून उठल्यावर, संध्याकाळी पुन्हा. त्यात बिस्कीट बुडवून. बिस्किटाचा लगदा दाढेच्या खाचेत बसतो तो बसतोच. यातला कुठलाही कप ‘जास्त साखर’ या सदरात मोडत नाही. ‘मी गोड खातच नाही हो, फक्त चहात काय असेल ते,’ असे म्हणणारे सद्गृहस्थ प्रत्यक्षात दिवसातून पाच-सहा वेळा त्या घळीत उतरत असतात.

हा झाला तर्क, आलेखावरून काढलेला. पण आलेख पीएचचा आहे, किडलेल्या दातांचा नाही. खऱ्या माणसांच्या खऱ्या दातांत असेच घडते, हे कशावरून? इथे आपण आजच्या मुख्य गोष्टीपाशी येतो. जरा जड आहे, पण ती टाळून हा विषय सांगता येत नाही.

स्वीडनमध्ये 1938 साली सरकारी दंतसेवा सुरू झाली आणि लगेच लक्षात आले की देशातले दात इतके किडलेले आहेत की ते भरायला दंतवैद्य पुरणार नाहीत. किडण्याचे कारणच शोधायला हवे. साखरेवर संशय होता. महायुद्धात नॉर्वे, जपान अशा देशांत साखरेची टंचाई झाली आणि मुलांचे दात किडणे कमी झाले, असेही दिसून आले. पण युद्धात फक्त साखर कमी होत नाही. सगळे खाणेच बदलते, पीठ बदलते, दिनक्रम बदलतो. न्यायशास्त्रात एक मजेशीर उदाहरण देतात: कुंभाराच्या गाढवाने माती वाहून आणली, मग गाढव हे घटाचे कारण का? नाही म्हणतात. ते अन्यथासिद्ध. घट होण्यापूर्वी ते तिथे होते खरे, पण माती दुसऱ्या कुणी आणली असती तरी घट झालाच असता. साखर हे कारण की गाढव, हे युद्धाच्या आकड्यांवरून ठरत नव्हते. प्रयोग हवा होता.

प्रयोगासाठी अशी माणसे हवीत, ज्यांचे सगळे खाणे तुमच्या हातात आहे, जी वर्षानुवर्षे एकाच ठिकाणी राहतात आणि उठून निघून जात नाहीत. दक्षिण स्वीडनमध्ये लुंड नावाचे विद्यापीठाचे गाव आहे. तिथे व्हिपेहोल्म ही संस्था 1935 साली सुरू झाली होती. तीव्र मतिमंद म्हणून नोंदलेली माणसे तिथे ठेवत. स्वीडिश सरकारच्या भाषेत त्यांना ‘शिकवता न येणारे’ म्हणत. 1945मध्ये तिथे दातांवरचे संशोधन सुरू झाले. पहिली दोन वर्षे जीवनसत्त्वे देऊन पाहिली, फारसे काही हाती लागले नाही. 1947पासून साखर सुरू झाली.

चारशेहून अधिक माणसे. त्यांचे गट पाडले. एका गटाला नेहमीचेच जेवण. एका गटाला साखर भरपूर, दिवसाला 300 ग्रॅमपर्यंत, पण जेवणाच्या वेळी, पेयात विरघळवून. एका गटाला गोड पाव. मग एका गटाला दोन जेवणांच्या मध्ये चॉकलेट, एकाला रोज 22 कॅरॅमल, एकाला 8 टॉफ्या, आणि एका गटाला रोज 24 टॉफ्या, त्याही जेवणांच्या मधल्या वेळात. या टॉफ्या बाजारात मिळणाऱ्या नव्हत्या. दाताला जास्तीत जास्त वेळ चिकटून राहाव्यात म्हणून त्या मुद्दाम तशा बनवून घेतल्या होत्या. साखर आणि मिठाई उद्योगाने या संशोधनाला पैसा आणि माल दोन्ही पुरवले होते.

निष्कर्ष 1954 साली बेंग्ट गुस्ताफसन आणि सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केले, आणि ते अगदी स्पष्ट होते. जेवणाबरोबर पातळ स्वरूपात प्रचंड साखर घेणाऱ्यांचे दात फारसे जास्त किडले नाहीत. मधल्या वेळात चिकट टॉफ्या खाणाऱ्यांचे मात्र भराभर किडले, आणि 24 टॉफ्यांचा गट सर्वांत पुढे. टॉफ्या बंद केल्यावर नव्याने किडण्याचा वेग पुन्हा खाली आला. म्हणजे व्यतिरेकही मिळाला. शिवाय माणसामाणसांत खूप फरक पडतो हेही दिसले. तेच खाऊन कुणाचे दात झपाट्याने जातात, कुणाचे टिकतात.

आता ज्या माणसांचे दात गेले, त्यांच्याविषयी. त्यांना कुणी विचारले नव्हते. विचारले असते तरी काय विचारले ते त्यातल्या अनेकांना कळले नसते, आणि नेमके म्हणूनच त्यांची निवड झाली होती. त्यांच्या नातेवाइकांनाही पूर्ण कल्पना नव्हती. दाढ ठणकते आहे हे ज्याला शब्दांत सांगता येत नाही, त्याची दाढ मुद्दाम ठणकवली. दाढदुखीची रात्र तुमच्यापैकी प्रत्येकाने काढलेली असेल, म्हणून अधिक वर्णन करत नाही. योगायोग असा की 1947 हेच न्यूरेंबर्गच्या निकालाचे वर्ष. नाझी डॉक्टरांवरचा खटला संपताना न्यायालयाने जी सूत्रे घालून दिली, त्यातले पहिलेच सूत्र असे आहे की ज्याच्यावर प्रयोग करायचा त्याची स्वतःहून दिलेली संमती हवीच. त्याच वर्षी लुंडमध्ये टॉफ्या वाटायला सुरुवात होत होती, आणि ती करणारे लोक कुणी राक्षस नव्हते. सभ्य, लोकशाहीवादी, लहान मुलांचे दात वाचवू पाहणारे लोक होते. 1953मध्ये स्वीडनमध्ये यावर जाहीर टीका झाली, पण तेव्हा वादाचा रोख नीतीपेक्षा साखर उद्योगाच्या पैशावर अधिक होता. नीतीची बाजू खऱ्या अर्थाने उलगडली ती खूप नंतर. एलिन बोम्मेनेल या संशोधिकेचा 2006चा प्रबंध त्यात महत्त्वाचा.

दरम्यान 1950च्या दशकाच्या शेवटी स्वीडनने या निष्कर्षावरून एक सल्ला काढला: मुलांना गोड द्यायचे तर आठवड्यातून एकदा, शनिवारी, एकदाच काय ते द्या. ‘शनिवारचा खाऊ’ ही तिथली आज घरोघरी चालणारी प्रथा आहे. मुले शनिवारी दुकानात जातात, पिशवीत वेगवेगळ्या गोळ्या भरून घेतात. आनंदाचा कार्यक्रम असतो. त्या पिशवीत व्हिपेहोल्म आहे हे बहुतेकांना माहीत नसते.

मला इथे काही जण नेहमी विचारतात, अशा मार्गाने मिळालेले ज्ञान वापरावे का? माझे मत सांगतो. ते आता ‘न वापरणे’ शक्यच नाही. ‘जेवणांच्या मध्ये गोड खाऊ नका’ असे कुठलाही डेंटिस्ट म्हणतो, तेव्हा त्यामागे ते उभे असते. पण वापरताना ते कुठून आले हे पाठ्यपुस्तकाने सांगितले पाहिजे, आणि ते अनेकदा सांगितले जात नाही. ‘व्हिपेहोल्म अभ्यास’ एवढेच नाव, जणू ते एखाद्या पद्धतीचे नाव असावे. ती माणसे अन्यथासिद्ध होऊन जातात, त्या गाढवासारखी. माझा आक्षेप त्याला आहे.

पुन्हा आपल्या ‘ने’कडे येऊ. दात किडायला काय काय लागते? दात लागतो, जंतू लागतात, साखर लागते आणि वेळ लागतो. 1954च्या सुमारास ऑरलंड आणि सहकाऱ्यांनी पूर्णपणे निर्जंतुक वातावरणात वाढवलेल्या उंदरांना साखरेचा आहार दिला, त्यांचे दात किडले नाहीत. म्हणजे जंतू हवेतच. उलट, काही माणसांना जन्मतः फळसाखर पचत नाही. साध्या साखरेत अर्धी फळसाखर असल्याने ती खाल्ली की त्यांना उलट्या होतात, जिवावर बेतू शकते. त्यामुळे ती गोडापासून कायम लांब राहतात, भात-भाकरीसारखे पदार्थ मात्र खातात. त्यांचे दात इतरांपेक्षा फारच कमी किडलेले आढळले. त्यांच्या तोंडात जंतू असतात, पण साखर नसते. यावरून पिष्ट आणि साखर यांतला फरकही कळतो. शिवाय साध्या साखरेत एक खास गुण आहे: स्ट्रेप्टोकोकस म्यूटन्स नावाचे जंतू तिच्यापासून डिंकासारखा पदार्थ तयार करतात आणि त्याने स्वतःला दातावर चिकटवून घेतात. भाड्याने राहायला आलेल्याने घरच बांधून घ्यावे, तसे.

तर कारण एक नाही. कारणांचा समूह आहे. आपले नैयायिक त्याला सामग्री म्हणतात. सगळी सामग्री जमली की कार्य होते, एक जरी कमी असली तरी होत नाही. मग त्यातल्या एकीलाच ‘कारण’ म्हणून बोट का दाखवायचे? मला वाटते, बोट दाखवणे हा काहीसा व्यवहाराचा निर्णय असतो. आपला हात जिथे पोचतो, किंवा पोचावा असे वाटते, तिथे आपण बोट दाखवतो. आणि म्हणूनच त्यात हितसंबंध शिरतात.

याचे पुराव्यानिशी उदाहरण आहे. 1971मध्ये अमेरिकेने दात किडण्याच्या रोगाविरुद्ध राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला, दहा वर्षांत तो जवळपास संपवायचा अशा उमेदीने. भर कशावर? जंतूंविरुद्धची लस शोधणे, प्लाक विरघळवणारी औषधे शोधणे, यांवर. लोकांनी साखर कमी खावी, हे मागे पडले. 2015 साली क्रिस्टिन कर्न्स, स्टँटन ग्लांझ आणि लॉरा श्मिट या कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी साखर उद्योगाची जुनी अंतर्गत कागदपत्रे तपासून दाखवले की उद्योगाच्या संशोधन संस्थेने सरकारला जो मसुदा दिला होता, त्यातला 78 टक्के भाग सरकारच्या संशोधनाच्या आवाहनात जसाच्या तसा किंवा थोड्या फरकाने उतरला होता. साखरेने दात किडतात हे उद्योगाला माहीत होते. कागदपत्रांत ते नाकारलेले नाही. फक्त बोट दुसऱ्या सामग्रीकडे वळवले. एकही खोटे वाक्य न बोलता हे करता येते, हे लक्षात घ्या. जंतू हे कारण आहेतच की! लस मात्र आजवर आलेली नाही.

आपण साखर कारखान्यांच्या राज्यातली माणसे. तेव्हा हे दूरचे वाटू देऊ नका, एवढेच म्हणतो आणि पुढे जातो.

आणखी एक स्पष्ट केले पाहिजे, नाहीतर व्हिपेहोल्मचा उलटा अर्थ निघेल. ‘किती वेळा’ महत्त्वाचे, म्हणून ‘किती’ला काही किंमत नाही, असे नाही. प्रत्यक्षात जो माणूस जास्त साखर खातो तो सहसा जास्त वेळाही खातो. दोन्ही सोडवून वेगळे करणे अवघड असते. जागतिक आरोग्य संघटनेने 2015मध्ये प्रमाणाचीच मर्यादा घातली: वरून घातलेली साखर, मध, फळांचे रस हे सगळे मिळून दिवसाच्या एकूण ऊर्जेच्या 10 टक्क्यांच्या आत. साधारण 2000 कॅलरी खाणाऱ्याला म्हणजे 50 ग्रॅम, दहा-बारा चमचे. जमल्यास 5 टक्क्यांच्या आत आणा, असेही म्हटले. आख्खे फळ यात धरलेले नाही.

आता काही प्रश्न आले आहेत, ते घेतो.

प्रश्न: गूळ चालतो का? आमच्याकडे साखर बंद करून सगळे गुळावर आणले आहे.

दाताच्या दृष्टीने फार फरक नाही. गुळात मुख्यतः साखरच असते, आणि वर तो चिकट. चिक्की दाढेत किती वेळ राहते ते तुम्हीच सांगा. लोह वगैरे कारणांसाठी गूळ खात असाल तर खा, दातासाठी नको. मधाचेही तेच. लहान मुलांची गोड औषधे, सरबतासारखी, रात्री झोपताना देतात, ते तर सर्वांत वाईट, कारण झोपेत लाळ जवळजवळ थांबते. बाळाच्या तोंडात दुधाची बाटली ठेवून झोपवतात, त्याचेही असेच. औषध द्यायचेच असते. मग पाणी पाजा, दात पुसून घ्या.

प्रश्न: वय सत्तरी उलटले. गोड कमी खातो, तरी दोन वर्षांत तीन दाढा गेल्या. असे का?

माझ्याच वयाचे दिसता. डेंटिस्टना विचाराच, पण दोन गोष्टी सांगतो. एक, हिरड्या वर सरकल्या की दाताचे मूळ उघडे पडते. मुळावर एनॅमल नसते. तिथले डेंटिन 6च्या थोड्या वरच्या पीएचलाच विरघळू लागते. म्हणजे एनॅमलला जी आम्लता चालून जाते ती मुळाला बाधते. दुसरे, लाळ. रक्तदाब, नैराश्य, अ‍ॅलर्जी यांवरच्या बऱ्याच औषधांनी तोंड कोरडे पडते. लाळ कमी म्हणजे त्या आलेखातला चढ लांबला. आणि कोरड पडते म्हणून माणूस काय करतो? खडीसाखर किंवा गोळी तोंडात धरून बसतो. ते करू नका. पाणी घोट घोट प्या. फ्लोराइडच्या टूथपेस्टचाही उपयोग होतो. फ्लोराइड असले की परत बसणारे क्षार अधिक चिवट होतात. घासून झाल्यावर नुसते थुंका, खळखळून चूळ भरून ते धुऊन टाकू नका.

प्रश्न: सर, व्हिपेहोल्मचा प्रयोग चुकीचा म्हणता. पण तो केला नसता तर हे कळलेच नसते. दुसरा काही मार्ग होता का?

होता. तेव्हाच कुणाच्या लक्षात यायला हवे होते असे नव्हे, पण होता. रोग वाढवून पाहण्याऐवजी कारण काढून घेऊन पाहायचे. व्यतिरेकाच्या बाजूने जायचे. ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्समध्ये होपवुड हाउस नावाचे मुलांचे घर होते. 1940च्या दशकापासून तिथे मुले जवळजवळ साखर आणि मैदा यांशिवाय वाढली. तोंडाची स्वच्छता फारशी चांगली नव्हती, तरी त्यांचे दात बाहेरच्या मुलांपेक्षा कितीतरी कमी किडलेले होते. बारा-तेरा वर्षांची होऊन ती बाहेर पडली, इतरांसारखे खाऊ लागली आणि किडण्याचा वेग इतरांइतकाच झाला. आणि 1970च्या दशकात फिनलंडमध्ये, तुर्कू इथे, शाइनिन आणि मॅकिनेन यांनी स्वेच्छेने आलेल्या सव्वाशे माणसांचे तीन गट केले. एका गटाच्या खाण्यात नेहमीची साखर, एकात फळसाखर, एकात झायलिटॉल, जे गोड लागते पण जंतूंना आंबवता येत नाही. दोन वर्षे चालले. झायलिटॉलच्या गटात नवे किडणे जवळजवळ थांबले. साखरेच्या गटाला काय दिले होते? ते एरवी घरी जे खात होते तेच.